स्वमग्न मूल मोठं होतं तेव्हा

(रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत २ एप्रिल रोजी सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. त्यामुळे मुदत ठेवी, नॉमिनी, मृत्युपत्र यांवर बोलेन, अशी कमिटीची अपेक्षा होती. शेवटी थोडं त्याविषयीही बोलणार आहे, सवय जात नाही. पण आज २ एप्रिल. संयुक्त राष्ट्रांनी हा दिवस जागतिक ऑटिझम जागरूकता दिन म्हणून ठरवला आणि २००८ पासून तो जगभर पाळला जातो. मराठीत ऑटिझमला आपण स्वमग्नता म्हणतो. आपल्या सोसायटीत ३४ वर्षांचा एक स्वमग्न माणूस राहतो. तो माझा धाकटा मुलगा. तुम्ही लहानथोर सगळे त्याला ‘दादा’ म्हणता, म्हणून मीही आज दादाच म्हणतो.

आधी एक खुलासा करतो. दादाला विचारूनच मी हा विषय घेतला आहे. त्याने तीन अटी घातल्या. त्याच्या शाळेतल्या गोष्टी सांगायच्या नाहीत, ‘बिचारा’ हा शब्द वापरायचा नाही आणि भाषण लांबवायचं नाही. तिन्ही अटी रास्त आहेत. मी त्या पाळणार आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे ताबा घेतला, तेव्हा दादा नऊ वर्षांचा होता. तेव्हापासून आजपर्यंत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, “साहेब, मुलगा बरा झाला का?” विचारणाऱ्यांच्या मनात माया असते, हे मला ठाऊक आहे. पण उत्तर देताना मी नेहमी अडखळतो. कारण तो आजारी नव्हताच. बरा होण्याचा प्रश्न नव्हता, मोठं होण्याचा होता. आणि तो मोठा झाला का, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. आज मी त्याच न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणार आहे.

ऑटिझम म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. मेंदूची जडणघडणच जरा निराळी असते आणि ती जन्मापासून असते. त्यामुळे बोलणं, दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून मनातलं ओळखणं, आवाज, प्रकाश, स्पर्श सहन करणं, ठरलेल्या क्रमातला बदल पचवणं, या गोष्टी वेगळ्या रीतीने होतात. कुणी अजिबात बोलत नाही, कुणी भरभरून बोलतो. कुणाला आयुष्यभर मदत लागते, कुणी नोकरी-संसार करतो. सिनेमात दाखवतात तसे सगळ्यांनाच मोठमोठे गुणाकार तोंडपाठ येत नसतात. आमच्या दादाला गाड्यांचे नंबर लक्षात राहतात, पण भाजीवाल्याकडून सुटे पैसे घेताना त्याला वेळ लागतो.

हा कुणाच्या संगोपनाचा दोष नाही. १९५०-६० च्या काळात अमेरिकेतही मोठमोठे तज्ज्ञ म्हणत, की आईने माया केली नाही म्हणून मूल असं झालं. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ, त्यांचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक. त्यांनी १९६४ साली पुस्तक लिहून ही कल्पना खोडून काढली. लसीमुळे ऑटिझम होतो, ही दुसरी अफवा. ज्या ब्रिटिश शोधनिबंधावरून ती १९९८ मध्ये उठली, तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. तेव्हा इथल्या तरुण आयांना सांगतो, कुणी तुम्हाला बोल लावला तर ऐकून घेऊ नका. आमच्या हिने पुष्कळ ऐकून घेतलं आहे. तेवढं आपल्या सोसायटीच्या वाट्याचंही झालं असं समजा.

‘स्वमग्न’ हा शब्द मला अर्धाच पटतो. त्यावरून वाटतं, हा माणूस स्वतःतच बुडालेला, त्याला दुसऱ्याचं काही नाही. आमची आई गेली तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. दादा रडला नाही, गॅलरीत जाऊन कानांवर हात ठेवून उभा राहिला. एक नातेवाईक म्हणाले, “याला काही कळत नाही, तेच बरं.” आईला रात्री नऊ वाजता रक्तदाबाची गोळी देण्याचं काम दादाचं होतं. ती गेल्यानंतर कितीतरी महिने तो नऊ वाजता डबी काढायचा, उघडायचा, गोळ्या मोजायचा आणि परत ठेवून द्यायचा. कळत नाही, असं मी कसं म्हणू? कळतं, दाखवण्याची रीत निराळी आहे.

आता मोठेपणाविषयी. ऑटिझमबद्दल जे काही छापून येतं, ते बहुतेक लहान मुलांविषयी असतं. लवकर ओळखा, लवकर उपचार सुरू करा, हे सगळं बरोबरच आहे. पण मूल अठरा वर्षांचं झालं की शाळा संपते, थेरपी संपते आणि लोकांचं कौतुकही संपतं. लहानपणी जे गोंडस वाटतं, तेच दाढी-मिशा आल्यावर विचित्र वाटायला लागतं. आयुष्य मात्र खरं तिथून पुढेच असतं. अठरा वर्षं शिकण्याची आणि पुढची पन्नास नुसती बसून काढायची, असा हिशेब कुठल्याच माणसाचा नसतो.

इथे मला एका माणसाची गोष्ट सांगायची आहे. तो आमच्याच खात्यातला, म्हणजे बँकेतला. अमेरिकेत मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचं एक छोटं गाव आहे. तिथे १९३३ साली डोनाल्ड ट्रिपलेट याचा जन्म झाला. मुलगा इतरांसारखा नव्हता. तो चार वर्षांचाही नव्हता तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला संस्थेत ठेवलं गेलं. त्या काळी तीच रीत होती. पण आई-वडिलांनी वर्षभरात त्याला घरी परत आणलं. वडील वकील. त्यांनी मुलाविषयी ३३ पानांचं पत्र लिहून ते बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांच्याकडे पाठवलं. कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यातलं पहिलं मूल हा डोनाल्ड. वैद्यकशास्त्राच्या नोंदीतला ऑटिझमचा पहिला रुग्ण म्हणून तो ओळखला जातो.

निबंधातला मुलगा पुढे मोठा झाला, ते महत्त्वाचं. काही वर्षं तो गावाजवळच्या एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्याला सारखं मोजण्याचा नाद. त्या शेतकऱ्याने नाद मोडायचा प्रयत्न केला नाही. नांगर हाती देऊन म्हणाला, मक्याच्या ओळी मोज. मोजता मोजता नांगरणी झाली! आपल्या खान्देशातल्या कुठल्याही शहाण्या शेतकऱ्याने हेच केलं असतं. पुढे डोनाल्ड कॉलेजात गेला, १९५८ मध्ये पदवीधर झाला आणि गावातल्या बँकेत कामाला लागला. बँक त्याच्या आईच्या माहेरची होती, हे खरं. वशिला म्हणा हवं तर. पण वशिल्याने लागलेला माणूस टिकतोच असं नाही, हे मी ३६ वर्षं पाहिलं आहे. डोनाल्ड टिकला. विसाव्या वर्षानंतर तो गोल्फ शिकला, सत्ताविसाव्या वर्षी मोटार चालवायला शिकला आणि पुढे एकट्याने देशोदेशी फिरला. १५ जून २०२३ रोजी, ८९ व्या वर्षी, तो वारला.

दोन पत्रकार त्याच्यावर लिहायला त्या गावात गेले, तेव्हा गावातल्या लोकांनी त्यांना आधी दम भरला, की आमच्या डॉनला त्रास होईल असं काही केलंत तर बघा. मला या सगळ्या गोष्टीत तो दम सर्वांत मोठा वाटतो. त्याच्या आई-वडिलांकडे पैसा होता, ते सुशिक्षित होते, हे तर आहेच. पण ते गेल्यानंतरही तो अनेक वर्षं त्याच घरात राहिला आणि गाव त्याच्यासोबत राहिलं. गावाने त्याला बदललं नाही, गावाला त्याची सवय झाली.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण द्यायचं तर मुंबईची जिया राय. फेब्रुवारी २०२१ मध्ये, बारा वर्षांची असताना, वांद्रे-वरळी सी लिंकपासून गेट वे ऑफ इंडियापर्यंतचं ३६ किलोमीटरचं अंतर ती ८ तास ४० मिनिटांत पोहली. जुलै २०२४ मध्ये तिने इंग्लिश खाडी पार केली. आपली सगळी मुलं समुद्र पोहणार नाहीत, आणि पोहायलाच हवा असंही नाही. मला एवढंच दिसतं, की खाडी पोहणाऱ्या कुणाच्याही बाजूने एक होडी चालत असते. होडी पोहत नाही, ओढत नाही, नुसती सोबत असते. आई-वडील, शेजारी, साहेब, कंडक्टर यांनी मोठ्या झालेल्या ऑटिस्टिक माणसासाठी तेवढंच करायचं असतं.

आमचा दादा समुद्र पोहला नाही. तो जळगावहून धुळ्याला एसटीने एकटा गेला. माझ्या हिशेबात ही तेवढीच मोठी गोष्ट आहे. धुळ्याला देवपुरात त्याची मावशी राहते. सत्ताविसाव्या वर्षी त्याने स्वतःहून सांगितलं, “मला मावशीकडे एकट्याने जायचं आहे.” आम्ही टप्पे पाडले. पहिल्यांदा मी शेजारच्या सीटवर. मग मी मागच्या सीटवर, अनोळखी माणसासारखा. मग तो पुढच्या गाडीत आणि मी मागच्या गाडीत. त्याने वहीत क्रम लिहिला: बांभोरीचा पूल, पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे, धुळे. खिशात एक कार्ड: “मला ऑटिझम आहे. मी घाबरलो तर मला शांत जागी बसू द्या. या नंबरवर फोन करा.” असं करता करता एक वर्ष गेलं. मग एका रविवारी तो एकटा निघाला आणि पारोळ्याच्या अलीकडे गाडी बंद पडली.

आता तुम्ही म्हणाल, झालं! आमचाही जीव टांगणीला लागला. त्याचा फोन आला, “गाडी बंद आहे. वहीत हे लिहिलेलं नाही.” मी म्हणालो, “मग लिही.” तो रस्त्याच्या कडेला बाभळीखाली बसला आणि त्याने वहीत लिहिलं: ‘गाडी बंद पडली तर कंडक्टर दुसऱ्या गाडीत बसवतात. तिकीट जपून ठेवणे.’ कंडक्टरने त्याला दुसऱ्या गाडीत बसवून दिलं. धुळे स्टँडवर मावशीच्या शेजारचे आजोबा घ्यायला आले होते, ते अहिराणीत म्हणाले, “कसं काय शे भाऊ?” दादा म्हणाला, “पन्नास मिनिटं उशीर शे.” वाढ म्हणजे हेच हो. अडचण आली नाही, ही वाढ नव्हे. वहीत नव्हतं ते वहीत घेता आलं, ही वाढ.

नोकरीचंही असंच. एमआयडीसीतल्या एका डाळ मिलच्या ऑफिसात तो ट्रकच्या बिल्ट्या आणि पावत्या जुळवतो. मालकांनी त्याच्यावर उपकार म्हणून ठेवलेलं नाही, हे ते स्वतःच सांगतात. त्यांनी तीन साध्या गोष्टी केल्या. त्याचं टेबल यंत्रांच्या आवाजापासून लांब, भिंतीकडे लावलं. काम तोंडी न सांगता चिठ्ठीवर लिहून देतात. आणि एक वाजता जेवणाची सुट्टी म्हणजे एक वाजताच. यासाठी त्यांचा एक रुपयाही खर्च झाला नाही. पगार त्याच्या स्वतःच्या खात्यात जमा होतो. सही करायला त्याला वेळ लागतो, कारण तो प्रत्येक अक्षर सुटं काढतो. रांगेतले लोक चुळबुळ करतात, तो करत नाही.

घरात तो चहा, खिचडी, आणि थंडीत वांगी भाजून भरीत करतो. कुकरची शिट्टी त्याला सहन होत नाही, म्हणून खिचडी पातेल्यात होते. फोनवर कुणी गोड बोलून आकडा विचारला तर द्यायचा नाही, हा नियम मी एकदाच सांगितला. तो नियम तो पाळतो. आपल्यापैकी चांगले शिकलेले लोक या फसवणुकीत सापडले आहेत, दादा सापडलेला नाही.

अडचणी नाहीत असं नाही. कधी कधी त्याचा तोल जातो. मिरवणुकीचे ढोल, अचानक बंद पडलेली लिफ्ट, त्यात मे महिन्याचा आपला पंचेचाळीस डिग्रीचा उन्हाळा, असं सगळं एकत्र आलं की तो ओरडतो, डोक्यावर हात मारून घेतो. लोकांना वाटतं, एवढा मोठा माणूस हट्ट करतो. हट्ट आणि हे यात फरक आहे. घरात लोड जास्त झाला की एमसीबी पडतो. तो वायरमनला त्रास द्यायला पडत नाही, घर जळू नये म्हणून पडतो. अशा वेळी पुन्हा पुन्हा खटका वर करून उपयोग नसतो. आधी लोड कमी करायचा. दादाच्या बाबतीतही तेच. आवाज कमी करा, गर्दी हटवा, हात धरू नका, प्रश्न विचारू नका. पंधरा-वीस मिनिटांत तो सावरतो.

आपल्याकडेही एक प्रसंग झाला, तो तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. चारेक वर्षांपूर्वी एक कुटुंब नव्याने राहायला आलं. त्यांना पार्किंगमध्ये एक मोठा माणूस रोज गाड्यांजवळ उभा राहून पुटपुटताना दिसला. त्या ताईंना भीती वाटली, त्यांनी वॉचमनला सांगितलं, वॉचमनही नवा. आवाज चढले. दादा तीन दिवस खाली उतरला नाही. तेव्हाच्या सचिवांनी दोन्ही घरांना चहाला बोलावलं आणि सरळ माहिती दिली. हा कोण, काय करतो, कशाने घाबरतो. पुढच्या महिन्यात दादाने त्या ताईंना सांगितलं, “तुमच्या गाडीची पीयूसी २१ तारखेला संपते.” आज त्या आमच्या चांगल्या स्नेही आहेत आणि इथे बसल्या आहेत. त्यांच्या परवानगीनेच सांगतो आहे. त्यांना राग नव्हता, माहिती नव्हती. पण विचार करा, सचिवांच्या चहाऐवजी तो फोन दुसरीकडे गेला असता तर? मोठ्या वयाच्या ऑटिस्टिक माणसाचा खरा धोका हा आहे. त्याला न ओळखणाऱ्यांच्या हाती तो पडणं.

आता थोडं कायद्याचं आणि पैशाचं. १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझमचा उल्लेखच नव्हता. फॉर्मवर रकाना नव्हता, म्हणून आम्ही पुष्कळ खेटे घातले. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात, ज्याला नॅशनल ट्रस्ट म्हणतात, ऑटिझमचं नाव आलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकूण २१ प्रकार आहेत आणि त्यात ऑटिझम आहे. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना चार टक्के आरक्षण, त्यातला एक टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार वगैरे गटांसाठी. वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, काढून घ्या. त्यावर एसटीची सवलत आणि बाकीच्या सोयी मिळतात. नॅशनल ट्रस्टची निरामय ही आरोग्य विमा योजना आहे, एक लाखापर्यंत. आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही आणि थेरपीचा खर्चही त्यात बसतो. जुन्या करपद्धतीत ७५ हजारांची, तीव्र स्वरूप असेल तर सव्वा लाखाची वजावट मिळते.

एक गोष्ट पुष्कळ पालकांना माहीत नसते. मूल १८ वर्षांचं झालं की आई-वडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. जिथे गरज असेल तिथे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं. ते प्रमाणपत्र बँकांनी मान्य करावं, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. कुठल्या शाखेत अडवलं तर मला हाक मारा, मी येतो. मात्र गरज नसेल तर माणसाच्या सहीचा हक्क काढून घेऊ नये. २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्वाची कल्पना आहे. पालक आणि ती व्यक्ती यांनी एकमेकांवरच्या विश्वासाने, मिळून निर्णय घ्यायचा. बँकेच्या भाषेत सांगायचं तर जॉइंट खातं, दोघांच्या सहीचं. दादाने आम्हाला विचारलंच होतं, “माझी सही कोण करणार?” आम्ही म्हणालो, “तूच.”

आणि नॉमिनीविषयी. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो विश्वस्त. फ्लॅटला नॉमिनी लावला की झालं, असं समजू नका. मृत्युपत्र करा, त्यात स्पष्ट लिहा. दिव्यांग मुलाच्या घरी तर हे आजच करा.

मी चौऱ्याहत्तर, ही सत्तर. गणित सोपं आहे, ते मांडायला बँकेत नोकरी करावी लागत नाही. ज्या घरात असं मूल असतं, तिथे रात्री दिवा मालवल्यावर एकच प्रश्न उरतो. आपल्यानंतर काय? जेवण, कपडे, पैसे यांची व्यवस्था आम्ही केली आहे. त्याची मोठी बहीण कागदपत्रं बघेल, पण तिचा संसार पुण्यात आहे. एखाद्या संस्थेत ठेवण्याचाही विचार आम्ही केला, चांगल्या संस्थाही आहेत. दादाला विचारलं, तर तो म्हणाला, “मी इथेच राहणार. इथले नंबर मला माहीत आहेत.” तुम्ही हसलात, आम्हीही हसलो. पण त्याचा अर्थ साधा आहे. माणसाला जिथली माहिती असते, तिथे तो मोठा माणूस असतो. जिथली नसते, तिथे पुन्हा मूल होतो.

म्हणून या रौप्यमहोत्सवात मी सोसायटीकडे काही मागणार आहे. देणगी नको, दया नको. पाच गोष्टी हव्यात.

एक. दादाशी बोला, माझ्याशी नको. “याला चहा चालेल का?” असं मला विचारू नका, त्याला विचारा. उत्तर यायला थोडा वेळ लागेल, तेवढं थांबा. तो डोळ्यांत बघत नाही, पण ऐकत असतो.

दोन. जे बोलाल ते खरं बोला. आपण खान्देशी माणसं तोंडभर आग्रह करतो, “या एकदा भरीत खायला!” दादा विचारतो, “कोणत्या तारखेला?” पुष्कळांची पंचाईत होते. बी विंगमधल्या एका वहिनींनी मात्र तिथल्या तिथे तारीख सांगितली आणि त्या दिवशी भरीत-पुरी केली. तो त्यांचा फ्लॅट कधी विसरणार नाही.

तीन. बदल आधी कळवा. लिफ्टची दुरुस्ती, पाण्याची वेळ, मांडव, डीजे, हे सगळं दोन दिवस आधी फळ्यावर लिहा. सोय दादाची होईल आणि तुम्हा सगळ्यांचीही. पाण्याच्या वेळा फळ्यावर लिहिण्याचं काम तो आनंदाने करेल, त्याने तशी तयारी दाखवली आहे.

चार. नवीन भाडेकरू, नवीन वॉचमन आला की त्याला दादाची ओळख करून द्या. सोसायटीच्या फाइलमध्ये एक पान लावा. तो कोण, कशाने शांत होतो, कुणाला फोन करायचा. ते पान दादाने स्वतः लिहिलं आहे. आज मी ते सचिवांकडे देतो आहे.

पाच. आमच्यानंतर त्याच्यावर नजर ठेवू नका, लक्ष ठेवा. दोन दिवस तो दिसला नाही तर दार वाजवा. बेल नको, ती त्याला आवडत नाही.

आणि शेवटचं, तरुण पालकांसाठी. तुमच्या घरात एखादं मूल उशिरा बोलत असेल, हाक मारल्यावर वळून बघत नसेल, एकच खेळ तासन्‌तास खेळत असेल, तर लपवू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आमच्या वेळी विचारायला कुणी नव्हतं, तुम्हाला तिसऱ्या मजल्यावर आम्ही आहोत. लिफ्ट बंद असली तरी जिना आहे.

पंचवीस वर्षांत या इमारतींना दोनदा रंग लागला, झाडं चौथ्या मजल्यापर्यंत गेली, मुलं पुण्या-मुंबईला आणि परदेशी गेली. जी मुलं इथेच राहिली, त्यात एक आमचा दादा. तो अजून शिकतो आहे. या महिन्यात पतपेढीत रिकरिंग खातं कसं उघडायचं, ते शिकला. पुढच्या महिन्यात चाळीसगावमार्गे रेल्वेने धुळ्याला जाण्याचा त्याचा बेत आहे. वही तयार आहे.